घोड्याच्या कानाची भवानी

"हात आत, पाय आत, रुसवा-फुगवा भुईवरी!
घोडं निघालं दिल्लीला, जेवायाला येतं घरी!"

साळूबाईनं हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि मिरजगावच्या जत्रेत सासूच्या मागं बांगड्यांची पेटी सावरत चालली होती. आवाज तरणा होता, उसाच्या कांड्यासारखा, वरून कडक नि आत गोड. आवाजामागं सहा लाकडी घोड्यांची चक्री होती आणि चक्री ढकलणारा एक काटकुळा पोरगा. त्याचं नाव खाजाभाई.

पुढं दोघांची दुकानं नगरच्या चिंचपेठेत समोरासमोर आली. तिचं बांगड्यांचं, त्यांचं गाद्यांचं. जत्रेत मोठे विजेचे पाळणे आले तेव्हा खाजाभाईंनी घोडे माळ्यावर चढवले, हातात कापूस घेतला, आणि त्यांचा आवाजही त्या कापसातच कुठं तरी भरला गेला. चाळीस वर्षांत तो परत कुणी ऐकला नाही.

घोड्यांची गोष्ट मात्र ते सांगत. त्यांतला बादशा नावाचा पांढरा घोडा एका कानाचा होता. दुसरा कान त्या मिरजगावच्या जत्रेत एका पैलवानानं उपटला, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या वर्षी हा पैलवान साधाच होता. दहाव्या वर्षी त्याला मिशा फुटल्या, विसाव्या वर्षी हातात गदा आली. चाळीस वर्षांत खाजाभाईंनी एकाही पैलवानाची गादी भरून दिली नाही. तालमीतले गडी बिचारे कारण न कळता सतरंजीवर झोपत राहिले. ही गोष्ट निघाली की साळूबाई बांगड्यांचे डझन लावायला घेई आणि दर डझनात अकराच लावी.

तर चिंचपेठ आता ओस पडली होती. माणसं सावेडीला राहायला गेली, त्यांच्या मागं गिऱ्हाईकही गेलं. तिकडं पोरांना उड्या मारायला फुगवलेले राजवाडे होते, गार हवेत फिरणाऱ्या छोट्या मोटारी होत्या. पोरं जिकडं ओढतील तिकडं आया जातात, आणि आया जातात तिथंच खरेदी होते. चिंचपेठेत पोरांनी बघावं असं एकच होतं, गोरक्षशेठच्या भांड्यांच्या दुकानातलं मोठं पातेलं, ज्यात मांजर व्यालेलं होतं.

गोरक्षशेठ पेठ बचाव समितीचे अध्यक्ष. त्यांनी सभा बोलावली.

"पेठेत फॅमिली आली पाहिजे," ते म्हणाले. "त्यासाठी कायतरी आकर्षण पाहिजे. कारंजं करू."

"नळाला चार दिवसाआड पाणी येतं शेठ," दोरवाला कल्याण म्हणाला. "कारंजं काय चार दिवसांनी एकदा उडवायचं?"

"मग डायनासोर आणू."

"तो ठेवायचा कुठं? तुमच्या पातेल्यात?"

सभा अशी चालली होती तेव्हा समोर खाजाभाईंच्या माळ्यावरून सामान उतरवणं सुरू होतं. बायको खातून गेल्यापासून ते दुकानामागच्या खोलीत एकटे राहत. मुलगा काशिफ त्यांना सावेडीच्या फ्लॅटवर न्यायला आला होता.

"अब्बा, लिफ्ट आहे. गॅलरी आहे," काशिफ समजावत होता.

"गॅलरीतून दिसतं काय?"

"पार्किंग."

तेवढ्यात माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेला बादशा खाली आला, गोणपाट सुटलं, आणि अख्खी सभा उठून रस्त्यावर आली. गोरक्षशेठनी बादशाच्या पाठीवर थाप मारली. चाळीस वर्षांची धूळ त्यांच्या मिशीत बसली. शिंकत शिंकतच ते म्हणाले, "ठरलं! आकर्षण म्हणून चौकात हीच चक्री फिरवायची!"

काशिफनं डोक्याला हात लावला. पण बापाचे डोळे बघून तो विरघळला. "बरं. पहिल्या दिवशी दुपारी बारापर्यंत एकजण तरी घोड्यावर बसला, तर तुम्ही इथं राहा. नाहीतर टेम्पो उभाच आहे. कबूल?"

"कबूल," खाजाभाई म्हणाले. दारात उभ्या साळूबाईनं ते ऐकलं. तिच्या पोटात एक गोष्ट चाळीस वर्षं होती आणि दुसरी महिनाभर, खाजाभाईंच्या सावेडीला जाण्याचं निघाल्यापासून. दोन्ही गिळून ती आत गेली आणि काकणं पुसता पुसता गुणगुणू लागली,

"घोडं माझं लाकडाचं, त्याला दाना न्हाई पानी,
फिरून फिरून येतं बाई, माझ्याच गं अंगनी."

पुढचे आठ दिवस पेठेत नुसती घाई. मोडक्या चाकांजागी नवी बसली, घोड्यांना रंग लागले. मग भांडण लागलं. घोडे सहा आणि दुकानं अकरा. शेवटी एकेका घोड्याला दोन-दोन दुकानांच्या पाट्या बांधल्या, आणि उरलेल्या बादशाला एकट्या खाजाभाईंची.

"अध्यक्षांचा घोडा पुढं पाहिजे," गोरक्षशेठ म्हणाले.

"गोल आहे शेठ," खाजाभाई म्हणाले. "सगळेच पुढं, सगळेच मागं."

"ते मला सांगू नका. फोटोत पुढं पाहिजे."

त्यासाठी तासभर चक्री फिरवून थांबवून पाहिली. दर वेळी अध्यक्षांचा घोडा बरोबर गटाराकडं तोंड करून थांबे.

उद्घाटन रविवारी सकाळी दहाला ठेवलं, आणि इथंच पेठेची चूक झाली. चिंचपेठेत सकाळचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. भवानीला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही. भवानी होईपर्यंत गल्ल्यातून पैसा बाहेर काढायचा नाही. आणि एकदा भवानी झाली की दिवस मावळेपर्यंत दुकान बंद करायचं नाही. हे नियम कुणी लिहिले नव्हते, पण मोडलेही कुणी नव्हते. चक्री होती गल्लीच्या पार शेवटच्या चौकात, आणि तिथवर जायच्या वाटेवर दहा वाजता अकराच्या अकरा दुकानं भवानीवाचून बसलेली.

सावेडीहून पहिली आली राजनंदिनी, स्कूटीवर, पुढं पाच वर्षांचा ओम. स्कूटी लावली, ओमनं लांबूनच घोडे पाहिले आणि किंकाळी फोडली.

"या ताई या!" गोरक्षशेठ आडवे आले. "भवानीची वेळ आहे. नाही म्हणू नका."

"आम्ही घोड्यांसाठी आलोय हो."

"घोडे काय पळून जातायत का? लाकडाचे आहेत. हा झारा बघा."

राजनंदिनी भिडस्त होती. तिनं झारा घेतला. पुढं कल्याणनं तिला बैलाचं दावं दिलं.

"दादा, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो."

"मग तर घ्याच. बादली खाली सोडायला."

तिसऱ्या दुकानात उंदराचा पिंजरा, चौथ्यात शंभर पत्रावळी, पाचव्यात लग्नातला केशरी फेटा. फेटा हातात मावेना म्हणून दुकानदारानं तो ओमच्या डोक्यावर बांधला, तो नाकापर्यंत आला, आणि ओम आंधळ्यासारखा हात पुढं करून "घोडा! घोडा!" ओरडू लागला. राजनंदिनीनं घरी फोन लावला. "नाही, अजून घोडा नाही. पाचव्या दुकानात आहोत. अहो, आपल्याकडं उंदीर आहेत का?"

तिच्या मागं आणखी कुटुंबं येत होती आणि एकेका दुकानात अडकत होती. अरुंद गल्ली तुंबली. साडेअकराला गोरक्षशेठच्या ध्यानात घोळ आला. ते खुर्चीवर चढून ओरडले, "अरे सोडा त्यांना! पुढं जाऊ द्या!"

"तुमची भवानी झाली ना शेठ," कल्याण खालून म्हणाला, "मग तुम्हाला हे सुचणारच!"

चौकात सहा घोडे रिकामे. खाजाभाई नवा सदरा घालून चक्रीचा दांडा धरून उभे. बोलावण्यासाठी तोंड उघडत आणि परत मिटत. चाळीस वर्षांनी तो आवाज काढायचा तर समोर कुणीतरी हवं, आणि समोर फक्त काशिफ होता, घड्याळात बघत.

"पावणेबारा, अब्बा."

"हां. दिसतंय मला," खाजाभाई म्हणाले. मग हळूच बादशाची पाटी सोडायला लागले. बोटांना गाठ सुटेना.

नवरा गेल्यापासून दुकानात एकटीच बसणारी साळूबाई हे सगळं दारातून बघत होती. बारा वाजले की टेम्पो जाणार. मग समोरच्या दारात सकाळी कापूस कोण पिंजणार, आणि "साळूवहिनी, चहा उकळला का?" कोण विचारणार? तिचं दुकान गल्लीतलं शेवटचं, तिथवर गिऱ्हाईक पोचलंच नव्हतं. म्हणजे तिचीही भवानी व्हायची होती, आणि गल्ल्याला हात लावायची सोय नव्हती. तिनं जुनी बांगड्यांची पेटी उघडली, तळाशी हात घातला, पदराखाली काहीतरी लपवलं आणि तरातरा चौकात आली.

"खाजाभाई, पाटी ऱ्हाऊ द्या. मला बसायचंय."

"वहिनी, तुम्ही?"

"का? माझं वजन त्या पैलवानापेक्षा जास्त हाय का?"

"पण तुमची भवानी झाली नाही. पैसे कुठून देणार?"

"पैसं कोन देतंय," असं म्हणून तिनं पदराखालून हात काढला आणि त्यांच्या तळव्यावर भवानी ठेवली. आंब्याच्या कोयीएवढा लाकडाचा तुकडा, पांढरा रंग अजून कडेला चिकटलेला.

खाजाभाईंनी तो उलटा केला, सुलटा केला. मग बादशाच्या डोक्यावरच्या खाचेला लावला. चपखल बसला.

"हा कान तर... मग तो पैलवान?"

"मीच तो पैलवान," साळूबाई म्हणाली. "सासूची नजर चुकवून बसले हुते. तुमी लई जोरात फिरवलं. मी भ्याले नि कान धरला, तर हातातच आला."

"चाळीस वर्षं! वहिनी, चाळीस वर्षं मी एका पैलवानाला गादी दिली नाही!"

"म्हाईत हाय मला. तालमीतल्या गड्यांच्या पाठी धरल्या बिचाऱ्यांच्या."

आणि साठीतली साळूबाई नऊवारीचा काष्टा सावरत बादशावर चढली. काशिफनं घड्याळाचा हात खाली केला. हसू दाबायला त्यानं तोंडावर हात धरला, पण खांदे हलतच होते.

"साळूबाई घोड्यावर!" कुणीतरी ओरडलं. असलं काही चिंचपेठेत कधी घडलं नव्हतं. बाकीचे नऊच्या नऊ दुकानदार गल्ले सोडून चौकाकडं धावले, गोरक्षशेठ खुर्चीसकट. दुकानं मोकळी झाली, गल्ली मोकळी झाली, आणि तुंबलेली सगळी पोरं एकदम सुटली. फेट्याखालचा ओम सगळ्यांत पुढं. त्यानं हाताला लागला त्या घोड्याला मिठी मारली. तो अध्यक्षांचा होता. बाकीचे चार घोडे डोळ्याचं पातं लवेतोवर भरले.

खाजाभाईंनी दांडा धरला. घसा खाकरला. कापूस निघाला.

"हात आत, पाय आत, रुसवा-फुगवा भुईवरी!"

आवाज फाटका होता, पण तोच होता. चक्री हलली.

"झाली की माझी भवानी," खाजाभाई दांडा ढकलत म्हणाले. "आता आजचा दिवस तर दुकान बंद करता येत नाही. काय काशिफ?"

"आजचा दिवस," काशिफ म्हणाला. "उद्याचं उद्या बघू, अब्बा. शर्त जिंकलात, पण पावणेबारापर्यंत घोडे रिकामेच होते ना?"

साळूबाई एक फेरा घेऊन त्यांच्या समोर आली. "अहो, एक सांगायचंय," ती म्हणाली, तोवर चक्री तिला पुढं घेऊन गेली.

"काय?" खाजाभाई ओरडले.

दुसऱ्या फेऱ्याला ती आली. "कानाचं सांगनं सोपं हुतं," म्हणाली आणि परत गेली.

"वहिनी, जोरात बोला!" कल्याण म्हणाला. "अख्खी पेठ ऐकतेय!"

"ऐकू दे!" घोड्याच्या पलीकडून आवाज आला. बायका एकमेकींना कोपरं मारू लागल्या. गोरक्षशेठ फोटो काढायचे विसरले. ओमनं फेटा वर सारून पहिल्यांदा जग पाहिलं.

खाजाभाईंनी दांडा सोडला. चक्री आपोआप मंदावत गेली, करकरली, आणि बादशा दोन्ही कान लावून बरोबर त्यांच्या समोर येऊन थांबला. साळूबाईनं ह्या वेळी कान धरला नाही. तिनं घोड्याची मान धरली, खाली बघितलं, मग वर बघितलं.

"त्या गॅलरीत पार्किंग बघत बसू नका, खाजाभाई," ती म्हणाली. "हितंच ऱ्हावा. तुमी समोर नसलात तर मला दुकान उघडावंसंच वाटायचं न्हाई."