पप्पा फुंकेनात

तनुजाच्या पप्पांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता, आणि त्या सकाळी सगळा घोळ झाला तो याच गोष्टीनं.

पाचोडहून गाडी निघाली साडेआठला. शहरात दहा वाजता विभागीय कबड्डी संघाची निवड. उशिरा येणाऱ्याचं नाव कटाप. दोन वर्षं तनुजानं गुडघे सोलून घेतले होते ते या एका सकाळसाठी! गाडी पप्पा चालवत होते. मागं सांडूमामा. वरातीतून थेट उचलून आणलेला तिच्या आईचा भाऊ असा दरवळत होता की काचा खाली करूनही डोळे चुरचुरत होते.

चिकलठाण्याला पोलिसांनी हात केला. फौजदार मॅडमनी खिडकीत डोकं घातलं आणि तितक्याच झटक्यात बाहेर काढलं.

"कोण प्यालंय?"

"मी!" मामानं छाती काढली. "दाजी नाय. दाजी लई सोवळा माणूस!"

"जो चालवतो त्यानं फुंकायचं." मॅडमनी पाकीट फोडून कोरी नळी मशीनला लावली.

पप्पांच्या मानेवरची शीर टरारली. "पिणारा मागं लोळतोय, अन् फुंकू मी? भर रस्त्यात?"

"एका मिनिटाचं काम आहे, काका."

"एका सेकंदाचंबी नाय!"

"मी फुंकतो की दाजींच्या वाटचं," मामा म्हणाला.

"तू थोबाड बंद ठेव!"

दोन रिक्षावाले थांबले. एकानं मोबाईल वर धरला. झालं! आता जीव गेला तरी पप्पा फुंकणार नव्हते.

"पप्पा, फुंका ना! पावणेदहा झाले."

"गप बस! फुंकलं म्हंजी आपणच कबूल केलं, आपल्यावर संशय घ्यायसारखं हाय म्हणून."

"आणि नाही फुंकलं तर?" तनुजानं सरळ मॅडमनाच विचारलं.

"गाडीत दारूचा वास, आणि चालक चाचणी देत नाही. एवढ्यावर वॉरंट नसताना अटक करता येते. मग सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचं. तिथंही नाही म्हणाले, तर कोर्टात हा नकारच यांच्या विरोधात धरला जातो. योग्य कारण होतं, हे यांनीच दाखवायचं."

"कारण हाय की!" पप्पा गरजले. "इज्जत!"

"ते जजसाहेबांना सांगा. उतरा खाली."

शिपायानं दार उघडलं, किल्ली काढून घेतली. पप्पा उतरले, पण असे, जणू सत्काराला चाललेत. तनुजाच्या डोक्यात जाळ झाला. न पिता पोलिसांच्या जीपमध्ये बसणारा माणूस अख्ख्या तालुक्यात एकच, आणि तो नेमका आपलाच बाप!

"मॅडम, लिहून घ्या. हे प्यालेले नाहीत. मी सकाळपासून सोबत आहे."

"लिहिते. नकारपण लिहिते."

तनुजानं बॅग खांद्यावर टाकली आणि पुढच्या रिक्षाला हात केला.

"ए! बस गाडीत!" पप्पा ओरडले. "बापाला टाकून कुठं निघाली?"

"खेळायला. तुम्ही माझी निवड घालवत होता, ते इज्जतीत बसतं व्हय?"

"संध्याकाळी घरी ये, मग बघतो तुला!"

"बघा ना! आधी घरी कोण पोचतं, तेच बघू."

आणि ती रिक्षात बसली.