आवाज थांबेपर्यंत थांब

माझं तोंड फटकळ आहे, असं माहेरी सगळे म्हणायचे. लग्न झालं आणि ते तोंड नवऱ्याने बंद केलं. कसं केलं ते सांगत बसत नाही. चिंगीला, आमच्या सात वर्षांच्या पोरीला, त्याचा हात लागू नये एवढीच माझी धडपड. त्याचा आवाज चढला की ती बाथरूममध्ये पळायची आणि वॉशिंग मशीन नि भिंत यांच्या मधल्या फटीत शिरायची. मांजरालाही तिथे अंग चोरावं लागेल, पण चिंगी मावायची. त्याला ती जागा ठाऊक नव्हती. शोधून शोधून दमायचा आणि झोपायचा.

शाळेत रोबो आले तेव्हा आधी मी नाकच मुरडलं. पाढे धड येत नाहीत आणि म्हणे कोडिंग! पण पोरगी नुसती हरखून गेली. वाटीएवढा चपटा रोबो, खाली दोन चाकं. टॅबवर बाणांच्या चौकटी एकाखाली एक लावल्या की तो तसा चालतो. चिंगी जेवतानाही "पुढे दोन, डावीकडे वळ" करत बसायची. घरात तिला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मग पालकांना दाखवायचा दिवस आला. मुलांनी मोठ्या कागदावर आपापल्या घराचा नकाशा काढला होता, आणि रोबोला दारापासून घरातल्या आपल्या हक्काच्या जागेपर्यंत न्यायचं होतं. नवरा कधी नव्हे तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. बाईंशी इतकं गोड बोलला, की मलाच वाटलं, हा कोण भला माणूस!

एकाचा रोबो टीव्हीसमोर गेला, एकीचा आजीच्या पलंगापाशी. मग चिंगी गुडघ्यांवर बसली.

"हिचा प्रोग्राम सगळ्यात अवघड आहे हं," बाई कौतुकाने म्हणाल्या. "रोबोला आवाज ऐकू येतो, ते फक्त हिनेच वापरलंय."

रोबो दारातून निघाला. स्वयंपाकघर ओलांडून बाथरूमकडे वळला. अगं पोरी, हे काय करून बसलीस! मागचापुढचा विचार न करता मी पुढे झाले आणि रोबोवर पाय दिला. कडकन मोडला, चाक निखळलं. सगळे पालक माझ्याकडे बघायला लागले.

"आई!" चिंगीला रडू फुटलं. "थोडंच राहिलं होतं गं!"

"असू दे बाळा," बाई म्हणाल्या. "पुढचं तोंडाने सांग. सूचना अर्धवट सोडायच्या नाहीत, असं ठरलंय ना आपलं?"

मी मान हलवत होते, नको, नको. तिचं लक्ष बाईंकडे. डोळे पुसत, कविता म्हणावी तसं तिने खणखणीत सांगितलं, "पुढे एक. उजवीकडे वळ. मशीनच्या मागे जा. आवाज थांबेपर्यंत थांब."

टाळ्या पडल्या. नवरा वाकून नकाशा बघत होता. त्या फटीवर त्याने बोट ठेवलं.

"हुशार आहे माझी पोर," तो म्हणाला. "चला, घरी जाऊ."

आता घरी पोरीला लपायला जागा उरली नव्हती. व्हायचं ते होवो म्हणत मी चिंगीला कवेत घेतलं आणि तिथेच जमिनीवर बसकण मारली.

"बाई, आम्हाला घरी पाठवू नका. हा माणूस मारतो."

नवरा हसला. "रोबो मोडला ना, म्हणून आता काहीही बरळतेय."

दोघे-तिघे पालक हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या चिंगीसमोर बसल्या आणि त्यांनी हळूच विचारलं, "चिंगी, तो आवाज कसला असतो गं?"

चिंगीने बाबाकडे पाहिलं.

"मिक्सरचा," ती म्हणाली.

शेजारच्यांनी विचारलं तर असं सांगायचं, हे तिच्याकडून मीच घोकून घेतलं होतं.