‘इतर’ नावाचा ढीग

“हे तिचं नाई,” डोमाजी म्हणाले आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले.

प्रफुलने पुढची फाइल उघडली. तीही इंग्रजी, यंत्राने यंत्रासाठी लिहून ठेवलेल्या सूचना. तिच्यामागची तशीच, तिच्याहीमागची तशीच. सेलूतल्या त्याच्या चिंचोळ्या संगणक-दुकानातला पंखा उष्ण हवा इकडून तिकडे ढकलीत होता.

“हेबी नाई. ते मराठी लिवे ना भाऊ! मोठ्या मोठ्या अक्षरात. मले दिसावं म्हणून.”

‘मराठी’ हा शब्द कानी पडताच प्रफुलचा हात माउसवर गोठून राहिला.

डोमाजी हिंगणीचे. जन्मभर त्यांनी कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदारी केली. पत्नी नलूबाई अंगणवाडीत सेविका. त्यांनी मुलांना हाक मारली की दोन गल्ल्यांपलीकडची म्हैस कान टवकारी, अशी त्यांची ख्याती होती. गळ्याच्या शस्त्रक्रियेत तो आवाज गेला. मग लेकीने टाकून दिलेला जुना संगणक हेच त्यांचे मुख झाले. त्यांनी टंकित करावे, डोमाजींनी वाचावे आणि मोठ्याने उत्तर द्यावे, असा तो संसार दोन वर्षे चालला. दिवसभराचे बोलणे त्या रोज जपून ठेवीत. आरंभी त्या इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. डोमाजींना ते वाचता येईना, शेजाऱ्याच्या मुलीला बोलवावे लागे. तेव्हा प्रफुलनेच हिंगणीस जाऊन मराठी कळफलक बसवून दिला होता. “आता काका, मावशी तुमच्याशी डायरेक्ट भांडतीन,” असे तो म्हणाला होता, आणि नलूबाईंनी हसत हसत पहिलेच वाक्य लिहिले होते : ‘याईले पहिले चहा द्या.’

पौषात नलूबाई गेल्या. चैत्रात विजेचा दाब वाढून संगणक जळाला. नागपूरच्या एका कारागिराने त्याच्या डिस्कमधून जे होते ते प्रफुलच्या दुकानातल्या डिस्कवर उपसून दिले; त्यानंतर ती जुनी डिस्क कायमची निकामी झाली. परंतु उपसताना फाइलींची नावे पुसली गेली. हाती आला तो हजारो बेनाव फाइलींचा ढिगारा. कोणती गाणे, कोणती यंत्राचा अवयव आणि कोणती नलूबाईंचे बोलणे, हे वरून ओळखण्याचा उपाय नव्हता.

ते बोलणे निवडून काढण्याचे काम प्रफुलने मानाचे मानले. संगणकाची पदवी त्याने अर्ध्यावर सोडली होती. प्रोग्राम लिहिणारा होण्याचे स्वप्न लोकांचे अर्ज भरता भरता आणि आधार कार्डे छापता छापता कधी झिजून गेले, ते त्याचे त्यालाही उमगले नव्हते. म्हणून बऱ्याच वर्षांनी त्याने स्वतःच्या हाताने एक प्रोग्राम लिहिला. संगणकापुढे प्रत्येक अक्षर म्हणजे काही अंकच. फाइलीचा आरंभ वाचावा. अंक इंग्रजी अक्षरांच्या मर्यादेत असतील तर तो मजकूर, मर्यादेबाहेरचे फार आढळले तर तो मजकूर नव्हे. कॉलेजच्या जुन्या पुस्तकात हाच नियम होता. मजकूर एका ढिगात, फोटो वेगळे, उरलेले ‘इतर’मध्ये. आपल्या काही फाइलींवर त्याने परीक्षा घेतली. उत्तर अचूक आले आणि त्याची छाती अंमळ फुगली.

बाजूच्या टेबलावर अर्ज भरत बसलेल्या रीताने, त्याच्या पत्नीने, तेव्हाच टोकले होते.

“काकाईले दाखवून घ्या पहिले. मंग पुसा.”

“अवं, निरा कचरा हाय तो! जागा कुठं हाय आपल्याजवळ?”

“तुमाले तं कोनाचं ऐकनंच नाई.”

‘इतर’चा ढीग पुसून मोकळ्या केलेल्या जागेत त्याने एका लग्नाचे चित्रण उतरवून घेतले होते.

आता त्याला सारे दिसले. मराठीचे एकेक अक्षर तीन तीन अंकांनी घडते, आणि ते सगळेच्या सगळे त्या मर्यादेबाहेरचे. त्याने परीक्षेसाठी घेतलेल्या फाइली सर्व इंग्रजी होत्या. त्याने घाईघाईने पुसलेले परत आणण्याचा खटाटोप केला. पडद्यावर तुकडे आले ते लग्नाचे : हळदीने माखलेला एक गाल, बँडवाल्याची टोपी.

“काय झालं, भाऊ?”

डिस्कच मेली होती, असे म्हटले असते तर डोमाजींनी ते निमूटपणे मानले असते. नागपूर दूर होते आणि शंका घेण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. प्रफुलने रीताकडे पाहिले. तिने मान खाली घातली.

“काका, मावशीचं सगळं आलं होतं,” तो म्हणाला. “मीच पुसलं. मशीनले मी सांगतलं होतं, असं दिसलं तं ते लिवलेलं नोहे म्हणून. मराठी धरलंच नाई मी. चूक माह्यी हाय.”

डोमाजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“ऑपरेशन झाल्यावर तुह्यी मावशी घशातून आवाज काढे,” ते म्हणाले. “लोक म्हनत, हे बोलनं नोहे. मले समजे.”

ते उठू लागले. तोच रीता म्हणाली, “अवो, अन् ते सुरवातीचं? इंग्रजी अक्षरातलं?”

प्रफुलने ‘मजकूर’च्या ढिगात ‘chaha’ हा शब्द शोधला. तीन फाइली निघाल्या.

डोमाजी पुन्हा बाकावर टेकले. पडद्याकडे पाहून म्हणाले, “मले हे येत नाई. तूच वाच.”

प्रफुलने घसा खाकरला. दुसऱ्याच्या बायकोचे बोलणे आपल्या तोंडाने कसे उच्चारावे, हे त्याला कळेना. दारात अर्जाचे एक गिऱ्हाईक येऊन उभे राहिले; रीताने त्याला हातानेच थांबवले.

“चहात साखर लय झाली आज,” त्याने वाचले.

मग त्याने पुढची ओळ घेतली.

“चष्मा टीव्हीवर हाय. घरभर हुडकू नका.”

डोमाजींचा हात नकळत चष्म्याकडे गेला.

“मागचं दार लावलं काय?”

“लावलं,” डोमाजी म्हणाले.

प्रफुलने मान डोलावली. पुढची ओळ डोळ्यांसमोर होती. तीही प्रश्नाचीच होती. ती त्याने सावकाश वाचली आणि उत्तराची वाट पाहत थांबला.