उजवीकडे न वळणारं कासव

"बाय, मशीन हाय ना ही? मंग दसऱ्याला पूजा नको करू?" बालवाडीची आया सगुणा विचारत होती. "माझ्या घरवाल्याच्या कंपनीत, वागळे इस्टेटला, लेथलापन हार घालतात."

"लेथच्या बटणात ओलं कुंकू भरतात का गं?" बालवाडीच्या शिक्षिका तुळसाबाई हेअरपिनने कासवाची पाठ कोरत म्हणाल्या.

कासव म्हणजे चाकांवरचं प्लास्टिकचं यंत्र. बालवाडी चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष आबा, त्यांच्या पुतण्याने विलायतेहून पाठवलेलं. टीव्हीसारखा पडदा वगैरे काही नाही. पाठीवर बाणांची बटणं. पुढे, डावीकडे, उजवीकडे, सगळं आधी ओळीने सांगून ठेवायचं, मग हिरवं बटण दाबायचं. की ते सांगितलेलं तंतोतंत करी. कोपर गावच्या त्या संस्थेत हा गुण दुसऱ्या कोणात नव्हता. त्याच्या नादाने पोरं आधी विचार करून मग हात लावायला शिकली होती; हेही संस्थेला नवीनच.

देतानाच आबांनी बजावलं होतं, "बिगडला तं माझ्या हापिसान, शोकेसमधी." त्या शोकेसमध्ये शाळेचा पृथ्वीगोल गेला होता. पृथ्वी अजून परतली नव्हती.

आज दसऱ्याला आबा कासव बघायला येणार होते, आणि उजवीकडे वळायचं बटण कुंकवाने मुकं झालं होतं.

तुळसाबाईंनी आबांची खुर्ची मुद्दाम डाव्या अंगाला मांडली. आबा आले, घाम पुसला, खुर्ची उचलली आणि उजवीकडे पंख्याखाली नेऊन बसले.

"आबा, तिकडे उजेड कमी आहे," तुळसाबाई कशाबशा म्हणाल्या.

"मना उजेर नको, वारा पायजे. चालू करा."

कासवाच्या पाठीवर आपट्याची पानं ठेवली. बटणं दाबायची पाळी चिमुरड्या मंजुळाची. तिने उजवं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग तोंड वर करून बाईंकडे पाहिलं. सगुणा भिंतीकडे तोंड करून उभी.

मंजुळा उठली. जागच्या जागी डावीकडे वळली. परत डावीकडे. परत एकदा. आता तिचं तोंड बरोबर आबांकडे होतं. ती खाली बसली, डावं बटण तीनदा दाबलं, पुढे जायचं दाबलं, मग हिरवं.

कासव घरघरत गोल फिरलं आणि आबांच्या चपलेशी जाऊन थांबलं.

"बघा!" आबा पानं उचलत ओरडले. "पयला फिरून मना मान देला, मंग सोना!"

तुळसाबाईंनी श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत कासव आबांच्या काखेत होतं.

"अशी गुनी वस्तू पोरांच्या हातान? नाय नाय. शोकेसच बरा."

"आबा, पन बिगडला तं नेनार होतात ना?" सगुणा म्हणाली.

"बिगडू नये म्हनून तं नेतो, बाय!"

"थांबा," तुळसाबाई म्हणाल्या. त्यांनी कासव हातात घेऊन उलटं केलं, पोटाचं झाकण उघडून सेल काढले, पदराने पाठीवरचं कुंकू पुसलं. "ठेवून द्यायचं असेल तर सेल बाहेर काढावे लागतात. आत राहिले तर पाझरतात, मग आतून सडतं."

"शोकेसमधी कुठं चालाचाय त्याला!" आबा कासव परत काखेत मारून हसत निघाले.

मुलांनी दारापर्यंत जाऊन कासवाला टाटा केला. तुळसाबाई खिडकीशी उभ्या राहिल्या. मुठीतले सेल अजून कोमट होते.