घरपोच नको

मला पाचारण वगैरे काही झालं नव्हतं. मला राग आला होता.

आमच्या नाशिक रोडच्या चर्चमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. येशूच्या आठवणीत प्रत्येकाला पावाचा एक तुकडा, त्याला आम्ही भाकर म्हणतो, आणि प्याल्यातला द्राक्षरसाचा घोट. ते झालं की उरलेली भाकर पाळकसाहेब आणि कमिटीतले दोघं तिथेच मेजापाशी उभं राहून खाऊन संपवतात. टाकायची नाही, घरी न्यायची नाही, अशी पद्धत आहे. पद्धतीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या रविवारी चांगला अर्धा पाव उरला होता. तिघं गंभीर चेहरे करून घास ढकलत होते, आणि ते बघता बघता मला पुतळाबाई आठवल्या. माझं डोकंच फिरलं.

पुतळाबाई घोटीकडच्या. इकडे कॉलन्या उठत होत्या तेव्हा विटा वाहायला आल्या आणि इथेच राहिल्या. मुलगा लखन मालधक्क्यावर हमाली करतो. आमच्या मंडळीत त्या बारा-तेरा वर्षं येत होत्या, कायम शेवटच्या बाकावर. मग पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि खाटेला खिळल्या. त्यानंतर दीड वर्षात त्यांना एकदाही प्रभुभोजन मिळालं नव्हतं. पाळकसाहेब एकदा जाऊन आले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि त्याचा फोटो चर्चच्या ग्रुपवर टाकला. फोटोला अंगठे भरपूर आले.

मी तडक पुढे गेले. म्हटलं, "पाळकसाहेब, यातला एक तुकडा पुतळाबाईंसाठी द्या, मी नेते."

"सरिताबाई, असं कुणालाही नेता येत नाही. त्याला अधिकार लागतो. ट्रेनिंग असतं त्याचं."

"मग द्या ट्रेनिंग."

ते हसले. मला वाटतं त्या हसण्यामुळेच मी अर्ज केला.

पाळक नसलेल्या साध्या माणसांना सेवेसाठी तयार करायचा हा वर्षभराचा कोर्स असतो. आधी तिघांपुढे मुलाखत. माझ्या आधीच्या माणसाला स्वप्नात प्रकाश दिसला होता, त्याच्या आधीचा डेंग्यूतून वाचला होता. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. महापालिकेच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळते, नवरा नोटांच्या प्रेसमध्ये, मुलगी सासरी सुखात. "तुमचं पाचारण कसं झालं?" असं विचारलं तेव्हा मी उरलेल्या पावाची गोष्ट सांगितली आणि मला संताप आला होता, एवढंच म्हणाले.

त्यांच्यातले एक म्हातारे, निवृत्त पाळक, चष्म्यावरून बघत म्हणाले, "आणि राग उतरल्यावर?"

"तो उतरत नाही, साहेब. माझ्या नवऱ्याला विचारा."

त्यांनी मला घेतलं. आमचे शेखरराव म्हणाले, "इतकी वर्षं घरात फुकट प्रवचन ऐकलं, आता सर्टिफिकेटवालं ऐकू."

दर शनिवारी दुपारी वर्ग असायचा. तिथून मी थेट पुतळाबाईंकडे जायची. खाटेच्या कडेला बसून आज काय शिकवलं, कोण काय बोललं, पाळकांनी कसं तोंड फिरवलं, सगळं सांगायची. तिसऱ्या शनिवारी मी म्हटलं, "मावशी, वर्षभर थांबावं लागेल. मग मी स्वतः तुम्हाला भाकर आणून देईन. बघू कोण अडवतं."

मावशींनी भिंतीकडे तोंड केलं. मग परत वळवलं.

"बाई, तुमी येता अन् पाळकाला शिव्या घालून जाता. मला काय पायजे ते कदी इचारलं का?"

"भाकर पाहिजे ना तुम्हाला?"

"घरी नको. खाटंवर आनून भरवायची, लेकराला औषध पाजत्यात तसं. मला नको तसलं. मला तिथं जायचंय. समद्यांच्या रांगंत. येकडाव न्या, मग मेले तरी चालंल."

मला आधी त्यांचाच राग आला. मी कुणासाठी भांडत होते मग? घरी पोहोचेपर्यंत तो राग माझ्यावर वळला. भाकर कुणी न्यायची यावर आम्ही सगळे तावातावाने बोललो, आणि बाईला उचलून न्यावं हे मंडळीत एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

मी पाळकसाहेबांना फोन केला, येत्या रविवारी मावशींना खुर्चीत बसवून आणते म्हणाले.

"या महिन्यात नको," ते म्हणाले. "बिशपसाहेब येतायत. मुलांचं दृढीकरण आहे, ती पहिल्यांदाच भाकर घेणार, शूटिंग आहे, गर्दी आहे. त्यात ती खुर्ची आणि त्या पायऱ्या. पुढच्या महिन्यात बघू."

"पुढच्या महिन्यापर्यंत त्या राहतील याची परवानगी कुणाकडून आणू?"

"सरिताबाई, ट्रेनिंगमधल्या माणसाने उपासनेत न विचारता काही करायचं नसतं. केलंत तर मला वर कळवावं लागेल."

"कळवा," म्हटलं आणि फोन ठेवला. तीनच शनिवार झाले होते, पण मला तो वर्ग आवडायला लागला होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, शेखरलाही नाही.

रविवारी लखनने आईला हातांवर उचलून रिक्षात घातलं. चर्चच्या पायऱ्यांपाशी आम्ही त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. एका बाजूने लखन, दुसऱ्या बाजूने शेखर, मागून मी. आत पांढऱ्या कपड्यांतली मुलं, फुलं, कॅमेरे. कमिटीचे सेक्रेटरी भारत उजागरे धावतच आले.

"मागेच ठेवा, मागेच. बिशपसाहेब येतील ना मागे."

"मागं लय वर्सं बसले," मावशी म्हणाल्या.

आम्ही थांबलो नाही. लोक रांगेने वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकत होते, त्यांच्या मधोमध आम्ही खुर्ची ठेवली. खाली पायरीची कड होती, खुर्ची डुगडुगत होती, म्हणून मी पाठ घट्ट धरून उभी राहिले. एका बाईने आपली साडी आवरून घेतली. ती बाई माझ्या लक्षात आहे.

पाळकसाहेब भाकर देत देत आले आणि आमच्यापुढे थांबले. चेहरा लालबुंद. एरवी ते नखाएवढा तुकडा देतात. तेव्हा माझ्याकडे रागाने बघत, हाताकडे न बघता त्यांनी चांगला मोठा लचका तोडला आणि मावशींच्या तळहातावर ठेवला. मावशींनी तो तोंडाशी नेला. त्या चावत राहिल्या. रांग उठली, गाणं संपलं, तरी त्या चावतच होत्या. बिशपसाहेब प्याला घेऊन वाकले आणि वाकलेलेच राहिले, मावशींचा घास उतरेपर्यंत. तेवढं मात्र त्यांनी केलं.

बाहेर उजागरेंनी मला गाठलं. "शनिवारी येऊ नका. पुढचं कमिटी कळवेल." मी त्यांना जे बोलले ते चर्चच्या आवारात बोलण्यासारखं नव्हतं.

रिक्षात लखन पुढे खुर्ची धरून बसला, शेखर स्कूटरवरून मागे. माझं तोंड चालूच होतं. पाळक, उजागरे, ती साडी आवरणारी बाई, एकेकाला मी सोलून काढत होते. बिटको चौकात सिग्नल लागला तेव्हा मावशींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाई, तुमी घेतली का?"

"काय?"

"भाकर."

मी खुर्ची धरून उभी होते. मग खुर्ची वळवली, मग भांडायला बाहेर आले. तोवर मेज आवरलं होतं.

"नाही," मी म्हणाले.

मावशींनी दुसऱ्या हाताची मूठ उघडली. आत अर्धा तुकडा होता, घामाने ओलसर झालेला.

"लय मोठा दिला त्यानं. मला गिळंना समदा. घ्या."

"असं चालत नाही, मावशी. त्याला अधिकार..." मी म्हणाले. मीच म्हणाले हे.

"आ करा," त्या म्हणाल्या.

मी आ केला.