मंगलच्या हातावरचा भंडारा

भंडारा लाल झाला आणि बघणाऱ्यांचे चेहरे पिवळे पडले.

तासगावच्या पुढं, माळावरच्या बेदाणा शेडसमोर सगळं गाव गोळा झालं होतं. मधोमध मंगल दोन्ही तळवे पुढं करून उभी. नाना महाराजांनी चांदीच्या चमच्यानं तिच्या हातावर भंडारा घातला, वर तांब्यातलं तीर्थ शिंपडलं, आणि ती पिवळीधमक हळद सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रक्तासारखी झाली.

"बोला!" महाराज गरजले. "मी हात लावला? बोट लावलं? मी निसता पोस्टमन. पत्र देवाचं. पत्त्यावर पोचलं!"

"करणी!" गर्दीतून आवाज आला. दोन बायकांनी पोरं पाठीमागं ओढली.

पुढच्या खुर्चीवर बसलेल्या भाऊसोंना आतून कसं गार वाटलं. असं गार त्यांना अलीकडं उसाचा रस पिऊनही वाटत नव्हतं.

दुखणं जुनं होतं. मंगल त्यांच्या भावकीतली, नवरा जयराज फौजेत. दोघांच्या बागा बांधाला बांध लावून, विहिरीचं पाणी एक, माळावरचा वारा एक, शेडही शेजारीशेजारी. पण मंगलचा बेदाणा हिरवागार, लांबट, एका मापाचा. आणि भाऊसोंचा चहाच्या चोथ्यात लोळून आल्यासारखा. तासगावच्या व्यापाऱ्यानं दोन्ही माल ताटात ओतले आणि म्हणाला, "हा मंगलताईंचा, बघताच कळतंय. आणि हा… हाबी बेदाणाच हाय म्हणा." त्या 'म्हणा'नं भाऊसोंची झोप उडवली.

आधी त्यांनी सांगून बघितलं, की बाई बाहेरून माल आणून आपला म्हणून विकते. तिची बाग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, त्यामुळं ते चाललं नाही. मग म्हणाले, रंग मारते. नमुना तपासायला गेला, निर्मळ ठरून आला. "मशिनला काय कळतंय?" असं म्हणून भाऊसोंनी तोही निकाल मोडीत काढला. आता एकच शक्यता उरली होती, की बाई काम चांगलं करते. त्या दिशेला तोंड करायची भाऊसोंना सवय नव्हती. म्हणून त्यांनी करणी धरली, आणि मेढ्याकडून नाना महाराजांना बोलावलं.

महाराजांनी फोनवर एवढंच विचारलं होतं, "बाईचं डीप कवा हाय? त्याच दिवशी येतो. योग असतो."

द्राक्षं शेडच्या जाळीवर पसरण्याआधी कार्बोनेट आणि तेल घातलेल्या पाण्याच्या टबात बुडवून काढतात. सालीवरचं मेण सुटतं, माल लवकर वाळतो. त्याला म्हणायचं डीप. मंगल पहाटेपासून त्याच कामात कोपरापर्यंत भिजली होती. बोलावणं आलं तशी हात पदराला पुसत आली होती.

"निकाल ऐका," महाराज म्हणाले. "शेडवरचा सगळा माल आजच खड्ड्यात. आणि उद्यापासनं हिच्या शेडवर कुणी पाऊल टाकायचं न्हाई. टाकलं तर माझी जबाबदारी न्हाई."

मंगलचे लाल हात तसेच हवेत राहिले. "आवं महाराज, वरीसभराची राबणूक हाय ती. गडी-बाया आल्या न्हाईत तर बागंतला माल येलीवरच सडंल. चांगला माल काढला ह्योच गुन्हा आसंल तर तसं सांगा, फुडल्या साली वाईट काढते."

कुणीतरी खुदकन हसलं आणि भाऊसोंकडं बघून गप्प झालं.

"आमाला काय आनंद हाय व्हय, मंगल?" भाऊसो शक्य तितक्या दुःखानं म्हणाले. "पर देवाफुडं कोण जाणार?"

"मी जाते की," मागून आवाज आला.

ती अंकिता होती, भाऊसोंची मुलगी. विश्रामबागला कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती, रविवारी घरी आली होती. तिनं सगळ्यांसमोर मंगलच्या टबात हात बुडवले आणि महाराजांपुढं धरले. "माझ्याबी हातावर घाला."

"लेकराला कशाला मधी…" महाराज म्हणाले.

"बघू तर, देव कुणाकुणाला पत्रं लिवतोय."

आता नाही म्हणणं अवघड होतं. भंडारा पडला, तीर्थ पडलं, लालभडक झालं.

"अंके!" भाऊसो खुर्चीतून उडालेच. "हात धू आधी!"

"धुते, आप्पा. पण मी कुणावर करणी केली त्ये तरी कळू द्या."

धनाजी गडी दिवसभर मंगलच्याच टबावर होता. त्यानं घाबरत हात पुढं केला. तोही लाल. "आयला! आवं, मी शनवारीच मारुतीला नारळ फोडलाय!"

अंकिता शेडच्या सावलीत बसलेल्या आपल्या आजीकडं वळली. "आज्जी, तुमच्या टायमाला घरी कुंकू कशाचं करायचा?"

"हळदीला चुना लावायचा," हरणाबाई म्हणाल्या. "आनि कशाचं करत्यात?"

"मग चुन्याचं काम इथं कार्बोनेट करतंय. दोन्ही अल्कली, म्हंजे आंबटाच्या उलट जातीचे, हळदीला लागले की लाल करणार. जो डीपमध्ये हात घालील त्याचा हात लाल होणार. महाराजांनी दिवस उगीच विचारून घेतला न्हवता."

"विज्ञान संपतं तिथं आमचं सुरू होतं!" महाराजांनी हात उंचावला. नेमकी तीच चूक झाली. अंगठ्याच्या नखात तंबाखूला लावायचा चुना पांढराशुभ्र दिसत होता. धनाजीनं मनगट धरलं, चमचा काढून घेतला. "तुमालाबी एक पत्र आलं आसंल की वो!"

भंडारा आणि तीर्थ पडताच अंगठा कुंकवात बुडवल्यासारखा झाला. धनाजी ओरडला, "पोस्टमनचंच पत्र निघालं गड्या!" चांदीचा चमचा तिथंच राहिला. महाराजांची गाडी मात्र धुरळ्यासकट गेली.

इथं भाऊसोंनी गप्प बसायला हवं होतं. पण हरलेला माणूस कुठंतरी जिंकून जावं म्हणून धडपडतो. त्यांनी आपला हात पुढं केला. "घाला माझ्यावर! हं, बघा, पिवळा! म्हंजे कायतरी तथ्य हाय!"

"मालक," धनाजी अदबीनं म्हणाला, "तुमी टबात हात कवा घातला?"

हसण्यानं शेडची जाळी हलली. तोवर अंकिता बांध ओलांडून गेली आणि भाऊसोंच्या टबातलं पाणी तांब्यात घेऊन आली. ते चिमूटभर भंडाऱ्यावर ओतलं. सगळे वाकून बघत राहिले. हळद पिवळीच राहिली.

"आप्पा, पाणी कधी बदललं?"

"बदलायचं कशाला? कमी झालं की वर भर घालतोय की!"

मंगलनं तांब्यातलं पाणी बोटांनी चोळून बघितलं. "भावजी, ह्यात कार्बोनेट उरलंच न्हाई. द्राक्षाच्या आंबट रसानं पानी मेलंय. माल काळाच पडनार. उद्या या, मी घालून दावते."

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर भाऊसोंना सोसलं असतं.

तर मंडळी, हळद खोटं बोलत नाही. तिला देवाचं नाव देऊन माणूस खोटं बोलतो, आणि आपल्या मनात आधीच तेच असतं म्हणून आपल्याला ते पटतं. शेजाऱ्याचा माल डोळ्यांत भरला, कुणाची पोर पहिली आली, कुणाच्या हाताला चव असली, की लगेच लबाडी हुडकू नका. आधी आपल्या टबात हात घालून बघा. तिथंच बहुतेक उत्तर सापडतं, आणि त्याला महाराज लागत नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊसोंनी टब रिकामा केला. नवं पाणी, नवं कार्बोनेट, तेल, सगळं मंगलनं सांगितलं तसं घातलं. जन्मात पहिल्यांदा कोपरापर्यंत हात बुडवला आणि तळव्यावर हळद घेतली. झाली लाल. भाऊसो बांधापलीकडच्या मंगलच्या शेडकडं बघून लेकीला हळूच म्हणाले,

"अंके… तिची जरा जास्त लाल झालती का गं?"