बेंजोनं तोडलेलं गाणं

मित्रांनो, लाकडी पेटीला तारा ताणाव्यात आणि वर टाइपरायटरची बटणं बसवावीत, तसा मी दिसतो. टाइपरायटर कसा असतो ते घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांनाही बोलायला तेवढंच निमित्त. मला बेंजो म्हणतात. पॉलिश कधीच उडालंय, आणि माझी दोन बटणं दुसऱ्याच कुणा बेंजोची आहेत. तरी सोलापुरात ज्यानं लग्नाची वरात पाहिली, त्यानं माझी जात ऐकलेली असतेच.

एका कारागिरानं मला सागाच्या फळीतून घडवलं. डाव्या हातानं बटण दाबायचं आणि उजव्या हातातल्या पत्तीनं तारा छेडायच्या, एवढंच माझं शास्त्र. दुकानात टांगलेला होतो तेव्हा मैंदर्गीच्या बिरुदेवनं मला पाहिलं आणि उचललं. त्याच्या घरी मेंढरं होती, पण मेंढरांच्या मागं चालण्यापेक्षा वरातीच्या पुढं चालणं त्याला पसंत पडलं. त्यानं शहरात येऊन बेंजो पार्टी काढली. टेम्पोवर भोंगे, पुढं ढोल-ताशे, आणि मधे मला मांडीवर घेऊन बिरुदेव.

वरातीत बसलं की माणसांचा जमाखर्च आपोआप कळतो. नवरदेवाचा मामा मनापासून नाचतो. काका बघणाऱ्यांसाठी नाचतो. 'मला नाचता येत न्हाय' म्हणणाऱ्या भावोजींना एकदा आत ओढलं की मग बाहेर काढावं लागतं. या धंद्याचा नियम एकच : शांतता झाली की पार्टी पडली. म्हणून बिरुदेव दोन गाण्यांच्या मधे श्वासालाही जागा ठेवत नसे. नव्या वाजवणाऱ्यांना तो सांगायचा, "रिकामी जागा दिसली की बोट टाकायचं. लोकं घरला जायला टपल्यालीच असत्यात."

त्याची बहीण मायाक्का गावी मेंढरं राखायची. तिची मुलगी प्रियंका शाळेसाठी मामाकडं राहायला आली आणि शाळेपेक्षा टेम्पोवरच जास्त रमली. मी सूर धरायचो, ती त्यावर गायची. मामा-भाचीनं गंमत म्हणून एक गाणं जुळवलं, 'चटणी लई झोंबली'. सुरुवातीचा तुकडा माझा. प्रियंकानं ते मोबाइलवर टाकलं आणि पुढच्या लग्नसराईत जो तो तेच मागू लागला. अकलूजला वाजलं, अक्कलकोटला वाजलं, मग मुंबईचे लोक तिला न्यायला आले. तिची मोठमोठी पोस्टरं लागली. स्टेजवर मीही गेलो, आणि माझ्या अंगावरून पहिल्यांदा रोज फडकं फिरू लागलं. कौतुकाचे ते दिवस मी जमेला धरतो.

मग मायाक्का वारली. प्रियंका बरेच दिवस गायलीच नाही. गायली तेव्हा वेगळंच गायली. सोबत एक गिटार, आवाज खाली, चाल संथ. सूर एकावरून दुसऱ्यावर घसरत जायचे. मी उडी मारणारा प्राणी. बटण दाबलं की सूर जागेवर पक्का, घसरणं माझ्या घडणीत नाही. तिच्या नव्या गाण्यांत मला काम उरलं नाही.

लोकांनाही ती गाणी रुचली नाहीत. पानटपरीवर कुणी म्हणायचं, "गानं हाय का गोळी? ऐकलं की झोप येती." दुसरा म्हणायचा, "पोरीला पुण्याचं वारं लागलं." या दोघांनीही गाणं अर्ध्याच्या पुढं ऐकलं नव्हतं, हेही मी लक्षात ठेवलंय. बिरुदेव तर गाण्याचा विषय निघाला की उठूनच जायचा.

मल्लव्वानं, म्हणजे प्रियंकाच्या मामीनं, एकदा भाकरी थापता थापता त्याला धरलं. "तुमास्नी गानं आवडलं न्हाय, का त्यात तुमचा बेंजो न्हाय म्हणून आवडलं न्हाय?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"गान्यातलं न्हाय कळत. तुमच्यातलं कळतं की."

त्याच हिवाळ्यात प्रियंकाचा सोलापुरात कार्यक्रम ठरला. ती आधी घरी आली आणि मामीच्या हातची शेंगाचटणी खात मामासमोर बसली. "मामा, शेवटी आपण चटणीच वाजवू. पण त्याच्या आधी मला एक नवं गाणं म्हणायचंय. कुठंच म्हटलेलं नाही अजून. आईचं आहे. ते इथंच पहिल्यांदा म्हणायचंय."

"म्हण की. मी कोण अडवनार?"

"तुमी बाजूला बसा नुसतं. आणि उद्या तालमीला या."

"बघू."

रुसलेला माणूस 'बघू' म्हणतो तेव्हा तो येत नसतो. बिरुदेव तालमीला गेला नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मैदान भरलं होतं. स्टेजच्या कडेला बिरुदेव मला मांडीवर घेऊन बसला. माझी वायर भोंग्याला जोडलेली होती. प्रियंकानं पहिली दोन संथ गाणी म्हटली. मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या, "चटणी, चटणी" असा गलका झाला. ती हसली आणि तिसरं गाणं सुरू केलं. तेच, आईचं.

मित्रांनो, मी लाकडाचा आहे. लोक नाचायला लागले की त्यांच्या पायांचा दणका मला जमिनीतून कळतो, आणि पाय थांबले की तेही कळतं. त्या गाण्यात पाय एकेक करून थांबले. शिट्ट्या बंद झाल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं रडणाऱ्या लेकराला पदराखाली घेतलं, पण उठून गेली नाही. प्रियंकानं एक लांब सूर लावला, माळावर कुणाला तरी हाक मारावी तसा, आणि ती थांबली. गिटारही थांबली. ती डोळे मिटून उभी राहिली. सगळं मैदान गप्प.

ती शांतता कसली होती ते मला कळलं होतं. पण ते सांगायला मला कुणाचं तरी बोट लागतं.

बिरुदेवला मात्र ती वरातीतली शांतता वाटली. पोरगी अडकली, गाणं विसरली, आता हसं होणार, असं त्याच्या मनात आलं असेल. मनात पुरतं येण्याआधीच त्याची बोटं पडली. माझ्यातून 'चटणी'चा तुकडा निघाला आणि सगळ्या भोंग्यांतून मैदानावर आदळला.

मग काय विचारता. माणसं उभी राहिली, टोप्या उडाल्या. प्रियंकानं डोळे उघडले, मामाकडं एकदा पाहिलं, आणि 'चटणी' म्हटली. अगदी ठसक्यात म्हटली. कुणाला काही कळलं नाही.

नंतर मांडवामागं ती पाणी पीत बसली होती. बिरुदेव खुशीत म्हणाला, "वाचलो बघ. तू अडकलीस आनि सगळी गप्प झाली. मी म्हनलं, आता काय खरं न्हाय."

"अडकले नव्हते मामा."

"मग थांबलीस का?"

"आई हाक घालून थांबायची की. मागं राहिलेल्या मेंढराची घंटा ऐकू येईपर्यंत. तेवढीच थांबले होते." तिनं ग्लास खाली ठेवला. "आणि लोकं गप्प होती ती ऐकत होती. माझं नवं गाणं पहिल्यांदाच कुणीतरी ऐकत होतं."

 ती हाक बिरुदेवच्याच घरातली होती. लहानपणी रोज संध्याकाळी बांधावर बसून त्यानं ती ऐकली होती, आणि आज ती त्याला ओळखू आली नव्हती.

गंमत बघा, शहरानं त्याचं कौतुकच केलं. 'मामानं भाचीची लाज राखली' म्हणून मोबाइलवर त्याचा व्हिडिओ फिरला. गल्लीतल्या मंडळानं शाल घातली. शाल अंगावर पडताना तो इतका आखडला की ती घालणाऱ्याला पुन्हा नीट करावी लागली. घरी आल्यावर ती त्यानं मल्लव्वाला देऊन टाकली, आणि मला पेटीत बंद केलं.

प्रियंकानं नवी गाणी सोडली. आता ती पुन्हा ठसक्यातली गाणी म्हणते, लोक खूश आहेत. सणावाराला फोन येतो, मामा जेवलात का, मामी कशी आहे. एकदा बिरुदेवनं धीर करून विचारलं, "पोरी, ते अक्काचं गानं. फुडचं म्हण की जरा."

"विसरले मामा," ती म्हणाली. फोनवरचा तो आवाज पेटीच्या झाकणातूनही माझ्यापर्यंत पोचला. विसरलेल्या माणसाचा नव्हता तो.

परवा त्यानं मला बाहेर काढलं. वाळवीनं माझा एक कोपरा धरला होता, तारा गंजल्या होत्या. त्यानं मला पुसलं, नव्या तारा चढवल्या, आणि ते गाणं माझ्यावर शोधू लागला. बटणांवर ते बसेना. मग त्यानं बटणाच्या पलीकडं तार अंगठ्यानं दाबून पाहिली. सूर हळूच वर सरकला. आयुष्यात पहिल्यांदा मी घसरलो, मित्रांनो, आणि मला ते आवडलं. हे मामा-भाचीला आधी सुचलं असतं तर त्या गाण्यात मलाही जागा होती.

गाणं हाकेपर्यंत आलं आणि बिरुदेव थांबला. मल्लव्वाचे हात पिठात तसेच राहिले. तिनं बराच वेळ वाट पाहिली.

"फुडं?" तिनं हळूच विचारलं.

"फुडचं तिच्याजवळ हाय."

मित्रांनो, माझ्या तारा बदलता येतात, बटणं दुसऱ्याची लावता येतात, वाळवीलाही औषध आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू पुसून ठेवा, एवढं तर मी सांगीनच. पण तुमच्यातलं कुणी उद्या नेहमीपेक्षा वेगळं काही गाऊ लागलं, आणि गाता गाता मधेच थांबलं, तर तुमची बोटं आवरा. ते आपणहून पुढं गाईपर्यंत थांबा.